नाशिकचे अडीच दिवस: फाळके स्मारकाची बाग आणि वरच्या डोंगरातली ठेव

पहिला दिवस, दुपारनंतर

चौथीतल्या नातवाची एकच अट होती: देवळं कमी, बाग जास्त. नाताळच्या सुट्टीत तो जळगावला आमच्याकडे आला होता आणि चार दिवसांत त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी हे म्हणाले, "चल, नाशिकला नेतो. डोंगराखाली मोठी बाग आहे, पाहिजे तेवढा पळ." ह्यांचे गुडघे पळण्यातले नाहीत, त्यामुळे पळणाऱ्यामागे पळायचं काम कोणाकडे येणार हे मला तिथेच कळलं.

गाडीचं काही सांगण्यासारखं नाही, वेळेत पोचली. नाशिकरोडला उतरताना मला मात्र दरवेळी माहेरी आल्यासारखं वाटतं. बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कॅशवर. बोटं झिजेपर्यंत मोजलेल्या नोटांतल्या कितीतरी इथल्याच करन्सी नोट प्रेसमधून निघालेल्या. ती १९२८ पासून आहे. नातवाला म्हटलं, इथे नोटा छापतात. त्याने विचारलं, "मग इथल्या लोकांना पगार कशाला देतात?" रिक्षावाला मागे वळून हसला. म्हणाला, "बाळा, हे मलाही कोणीतरी सांगा."

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हे. सीबीएस (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक), पंचवटी हा भाग स्टेशनापासून नऊ-दहा किलोमीटर पुढे आहे. सिटीलिंकच्या बस आहेत, सामान कमी असेल तर त्या बऱ्या. रिक्षा करायची तर भाडं ठरवूनच बसा.

लॉज सीबीएसजवळ घेतलं होतं. फोनवर "लिफ्ट आहे ना?" असं दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा "आहे" म्हणाले. लिफ्ट होती. तिच्या दाराला खुर्ची लावून ठेवली होती, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. हे कठडा धरून चढले आणि वर जाऊन जे बसले ते चहा येईपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. आता मी "लिफ्ट आहे का" विचारत नाही, "चालू आहे का" विचारते.

संध्याकाळी रामकुंडावर गेलो. अट मोडल्याबद्दल नातवाने तोंड फुगवलं होतं, ते दुतोंड्या मारुतीने उतरवलं. नदीच्या पात्रातच उभा असलेला हा मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पाणी कमरेला लागलं, गळ्याला लागलं, मारुती बुडाला, या भाषेत पूर सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो बुडालाच होता. आत्ता डिसेंबरात पाणी त्याच्या पायाशी गुमान पडून होतं. द्रोणातले दिवे विकणाऱ्या एका मावशींनी हात डोक्याच्याही वर नेऊन तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. नातू त्या हाताकडे बघतच राहिला. नारोशंकराच्या देवळाची ती मोठी घंटाही त्याला आवडली. वसईच्या स्वारीत पोर्तुगिजांकडून मिळालेली घंटा, म्हणजे युद्धातली वस्तू. देवळापेक्षा तिचा भाव त्याच्या लेखी जास्त.

थंडी सात वाजताच बोचायला लागली. नाशिकची थंडी आमच्याकडच्यापेक्षा वेगळी, आधी कानाला लागते आणि मग कळते. कानटोपी न्याच. गरम साबुदाणा वडा खाल्ला आणि गुपचूप परत येऊन तीन मजले चढलो.

दुसरा दिवस

मुख्य बेत हाच होता. सीबीएसपासून मुंबईच्या रस्त्याने आठेक किलोमीटर गेलं की डाव्या हाताला एक डोंगर लागतो. त्याच्या मध्यावर आडवी काळी रेघ ओढल्यासारखी लेणी दिसतात, ती पांडवलेणी. पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारकाची बाग, तिला लागून मोठ्या घुमटाचा बुद्धविहार, आणि पलीकडे वनखात्याचं नेहरू वनोद्यान. एका रिक्षात चार जागा होतात, म्हणून ज्येष्ठ आणि पोरं बरोबर असली की नाशिकमध्ये इथेच यावं, असं माझं मत झालंय.

क्रम असा ठेवा: सकाळी आधी लेणी, मग बाग. आम्ही उलटं केलं, कारण नातवाला अट आठवली.

बाग एकोणतीस एकरांची. हिरवळ, पायवाटा, कारंजी आणि मागे डोंगराची भिंत. सकाळी दंव इतकं होतं की नातवाचे बूट दहा मिनिटांत ओले झाले. ऊन बाकड्यांवर तुकड्यातुकड्यांनी पडलं होतं, आणि ऊन पडलेलं प्रत्येक बाकडं मफलर गुंडाळलेल्या कोणीतरी आधीच धरलेलं. अशाच एका बाकड्यावर ह्यांना जागा मिळाली. शेजारचे गृहस्थ अंबडच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेले, पाथर्डी फाट्याला राहणारे. दोघांचे गुडघे एकाच वर्षी बिघडले होते असं निघालं. मग काय, जत्रेत हरवलेले भाऊ भेटावेत तसं सुरू झालं. कोणतं तेल, कोणता डॉक्टर, जिना चढताना कोणता पाय आधी. (चढताना चांगला, उतरताना दुखरा. हे मलाही तिथेच कळलं.)

फाळके नाशिकचेच. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा, आणि १९४४ मध्ये गेले तेही नाशिकलाच. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला हे शाळेत असतं. नातवाला त्याचं काही वाटलं नाही. त्याचे डोळे चमकले ते तारामती बाईने नाही तर अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली आणि हे साळुंके आधी हॉटेलात काम करत होते, हे ऐकून. "का? बायका नव्हत्या?" होत्या रे, पण सिनेमात काम करायला कोणी तयार होईना. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई मात्र मदतीला होत्या. अख्ख्या मंडळींचा स्वयंपाक करायचा आणि फिल्मच्या कडेला भोकंही पाडायची. तिच्या नावाची बाग कुठे आहे का, असं मी ह्यांना विचारलं. ह्यांनी गुडघ्याच्या गप्पा थांबवल्या नाहीत.

पण खरी गंमत वाटाण्याची. सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते, तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत कॅमेऱ्याने थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर लावलं तर रोप बघता बघता मोठं होतं. भांडवल देणाऱ्याला ते दाखवलं. मी हे सांगून होईपर्यंत नातवाने माझा मोबाइल घेतला होता. "आजी, हे तर टाइमलॅप्स आहे!" गुलाबाच्या एका कळीसमोर दगडाला टेकून त्याने मोबाइल लावला आणि कोणी हलवायचा नाही म्हणून बजावून घसरगुंडीकडे पळाला. मी त्याच्यामागे.

पाऊण तासाने परत आलो. कळी जशीच्या तशी. पण कळीच्या मागे बाकडं आलं होतं आणि बाकड्यावर आमचे हे. ते अंबडचे गृहस्थ मधेच घरी गेलेले. वीस-पंचवीस सेकंदांच्या त्या चित्रफितीत हे आधी हातवारे करतात, मग एकटे उरतात, मग मान हळूहळू खाली, एकदम वर, पुन्हा खाली, आणि सावली बाकड्यावरून सरकत जाते. पोराने ती चौदा वेळा पाहिली. ह्यांनी एकदाच पाहिली आणि म्हणाले, "डिलीट कर." केलेली नाही.

साडेदहाला ह्यांना बागेतच ठेवून आम्ही दोघं वर निघालो. पायऱ्या दोनशेच्या आसपास असतील. नातवाने मोजल्या, पण एकशे बाराव्या पायरीवर माकड दिसलं आणि मोजणी तिथेच सुटली. चढ अवघड नाही, पण सलग आहे. पाणी खालूनच घ्या आणि मधे थांबायला लाजू नका. मी चारदा थांबले. दरवेळी मुंबईचा रस्ता आणखी बारीक आणि शहर आणखी रुंद होत गेलं.

लेणी चोवीस आहेत. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंची, सातवाहन आणि त्यांचे शत्रू क्षत्रप (शक राजे) यांच्या काळातली. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. तीन नंबरच्या लेण्याशी पोचलो तर ओसरीच्या तुळया खांद्यावर पेलून बसलेले धिप्पाड गण. नातू म्हणाला, "हे हमाल आहेत का?" दोन हजार वर्षं ओझं खाली ठेवलेलं नाही म्हटल्यावर तसंच म्हणायला हवं.

तिथे एक मुलगा भेटला. पंचविशीचा, सिडकोत राहणारा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि रविवारी इथे येऊन ब्राह्मी ही जुनी लिपी वाचायचा सराव करतो. गाइड नाही, पैसे घेत नाही. त्याने भिंतीवरच्या ओळी हवेत बोट फिरवत वाचून दाखवल्या. पहिला शब्द "सिधं", म्हणजे सिद्धम्. आपण पानाच्या वर श्री लिहितो तसं. हा तीन नंबरचा लेख गौतमी बलश्रीचा, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. तिचा मुलगा गेलेला, नातू पुळुमावी गादीवर, त्याच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष. आणि ही बाई स्वतःची ओळख देते ती महाराजांची आई आणि महाराजांची आजी अशी. माझ्या नातवाने मला कोपर मारलं. बोलली नाही, पण बरं वाटलं.

मग तो ब्राह्मीवाला मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्ही काय करता?" बँकेत होते म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. "मग तुम्ही दहा नंबरला चलाच."

दहा नंबरचं लेणं शत्रूचं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेलं. याच नहपानाच्या घराण्याचा नायनाट केल्याचं तीन नंबरमध्ये आईने अभिमानाने कोरलंय, आणि दोन्ही लेणी एकाच ओळीत, चालत दोन मिनिटांवर. ओसरीच्या भिंतीवर उषवदाताचा लेख आहे, तो मुलाने वाचला आणि अर्थ सांगितला, आणि मी तिथेच दगडावर बसले.

उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, भिक्खुसंघासाठी ठेवले. गोवर्धन नावाच्या गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या संघांकडे. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्याला शब्द आहे अक्षयनीवी. दोन हजारांच्या व्याजातून, इथे वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण.

मी नातवाला म्हटलं, कर हिशेब. दोन हजारांवर शेकडा एक, महिन्याचे किती? वीस. वर्षाचे? त्याने बोटांवर केलं. दोनशे चाळीस. आता वीस भिक्खू, प्रत्येकी बारा? तो क्षणभर थांबला आणि ओरडला, "दोनशे चाळीस! आजी, टॅली झालं!"

झालं खरं. एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. आमच्या शाखेत संध्याकाळी दहा रुपये कमी आले तर सगळ्यांना बसवून ठेवायचे, आणि इथे एकोणीसशे वर्षांच्या आसपासची कॅश अजून मेळात. शिवाय हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला, नोंदवून ठेवला, असंही पुढे लिहिलंय. म्हणजे साक्षीदार, रजिस्टर, सगळं. आणि खातेदार पासबुक हरवू नये म्हणून ते डोंगरावर कोरून ठेवतो! वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के. आजच्या मुदत ठेवीचा दर मी त्या मुलाला सांगितला तेव्हा आम्ही दोघंही हसलो, पण माझं हसू थोडं कमी होतं.

मला एक प्रश्न पडला. एकाच गावात, एकाच धंद्याच्या दोन श्रेणी, मग दर वेगळे का? मुलाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे बँकेतलं आहे: सगळा पैसा एका ठिकाणी ठेवू नये, आणि जिथे दर कमी तिथे बहुधा जीवही कमी धोक्यात. पण ही माझी अटकळ, शिलालेखात नाही.

खाली उतरताना त्याने आणखी एक सांगितलं. १९०६ मध्ये सिन्नरकडच्या जोगलटेंभीला नहपानाची चांदीची नाणी सापडली, तेरा हजारांहून जास्त. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. शत्रू हरला, पण त्याचं नाणं बाद केलं नाही, वर शिक्का ठोकला आणि चालवलं. २०१६ च्या नोव्हेंबरात काउंटरवर रात्री अकरापर्यंत बसलेली बाई मी. हे ऐकून मला काय वाटलं असेल ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मुलाला चहा पाजायचा म्हटलं तर त्याने घेतला नाही, फक्त नातवाच्या वहीत ब्राह्मीत त्याचं नाव लिहून दिलं. ते आता त्याच्या दप्तरावर आहे.

खाली ह्यांच्याकडे आलो तेव्हा दीड वाजला होता आणि ते बुद्धविहाराच्या घुमटाखाली गारव्याला जाऊन बसले होते. आत सोन्याच्या रंगाची मोठी बुद्धमूर्ती आहे. बोलावंसंच वाटत नाही, नातूही कुजबुजत होता. घुमटात आवाज घुमतो हे कळायला त्याला दोन मिनिटं लागली. मग मी त्याला बाहेर काढलं.

डबा बागेत सावलीला बसून खाल्ला. कळण्याची भाकरी आणि ठेचा आम्ही घरूनच नेतो, ऐनवेळच्या शोधाशोधीपेक्षा बरं. दुपारी वनोद्यानात जरा फिरलो, तिथे झाडं आणि शांतता दोन्ही भरपूर. पण पोराचे पाय एव्हाना बोलायला लागले होते. बागेतच पुन्हा येऊन हिरवळीवर पडलो. ऊन कलल्यावर डोंगर आधी तांबूस आणि मग एकदम निळा झाला. लेण्यांची ती काळी रेघ शेवटपर्यंत दिसत होती.

तिसरा दिवस

सकाळी मिसळ. नाशिकला येऊन मिसळ न खाणं म्हणजे जळगावला येऊन भरीत न खाणं. गंगापूर रस्त्याला आणि आसपास शेतात, मळ्यात थाटलेली मिसळीची ठिकाणं आहेत. रविवारी तिथे गाड्या लावायला जागा मिळत नाही, सोमवारी आम्ही पोचलो तर निवांत. रस्सा काळ्या मसाल्याचा, वरून तर्री, बाजूला पापड, दही आणि शेवटी जिलबी. ह्यांचं शेवभाजीवर प्रेम आहे, त्यामुळे त्यांनी पहिला घास घेऊन न्यायाधीशासारखं डोळे मिटले. मग म्हणाले, "रस्सा अजून मागव." आमच्याकडे याला निकाल म्हणतात. तिखट न खाणाऱ्यांनी दही आधीच जवळ ओढून घ्यावं. नातवाने जिलबीपासून सुरुवात केली आणि जिलबीवरच संपवली.

तिथून सोमेश्वर. देऊळ गोदाकाठी, झाडीत. जवळचा धबधबा, ज्याला इथे दूधसागरही म्हणतात, डिसेंबरात खडकांतून पाझरणारं पाणी एवढाच होता. तो बघायचा तर पावसाळ्यात या, पण तेव्हा कड्याच्या काठाला पोरांचा हात सोडू नका. खडक पाणी नसतानाही गुळगुळीत आहे, मी स्वतः दोनदा घसरता घसरता वाचले.

गाडी रात्रीची होती. रिक्षावाला म्हणाला, आलाच आहात तर धरणाच्या बाजूला चक्कर मारून आणतो. गंगापूर धरण मातीचं आहे, नाशिकला पाणी इथून जातं. वाटेत एका पाटीवर नातवाने वाचलं आणि रिक्षातच उभा राहिला.

"आजी! गोवर्धन!"

मी पण पाहिलं. गोवर्धन. कालचं, दगडावरचं. जाणकार त्या जुन्या गोवर्धनाची जागा इथेच सांगतात, असं तो मुलगा काल बोलला होता. पण रस्त्यात पाटी दिसेल असं कुठे डोक्यात होतं? रिक्षा थांबवायला लावली. ह्यांना वाटलं मला उलटी होतेय.

रस्त्याच्या कडेला एक बाई पेरू आणि हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसल्या होत्या. पलीकडे घरं, दुचाकी, एक मोबाइल रिचार्जचं दुकान, उन्हात झोपलेलं कुत्रं. नातू थेट त्यांच्याकडे गेला.

"इथे विणकर कुठे राहतात?"

"कोण रे?"

"कापड विणणारे. त्यांच्याकडे दोन हजार ठेवलेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायचा प्रयत्न केला, डोंगरावर लिहिलंय, फार जुनं आहे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तेवढ्यात तराजूत पेरू टाकले, एक काढला, दुसरा टाकला.

"इथे कोणी विणत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "पैठणी पाहिजे असेल तर येवल्याला जा. किती देऊ, किलो का अर्धा?"

किलो घेतले. आतून गुलाबी निघाले, आणि मनमाड येईपर्यंत संपले.